रात्री दोन ते चार

गावच्या सप्ताहाचं गणित कागदावर सोपं दिसतं. सात दिवसांचे 168 तास. दोन तासांचा एक पहारा, म्हणजे दिवसाला 12 आणि सप्ताहाला 84 पहारे. एवढ्या वेळात देवळातली वीणा एकदाही खाली टेकायची नाही. कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात ती असायलाच हवी. एका पहाऱ्याला एक विणेकरी आणि जोडीला दोन टाळकरी. ज्याने जी वेळ घेतली ती त्याने सातही दिवस सांभाळायची, हा आमच्याकडचा रिवाज. हिशेब केला तर लागतात 36 माणसं. दोनशे उंबऱ्यांच्या गावात 36 माणसं म्हणजे काही फार नाहीत. पण चैत्र लागला की मारुतीच्या देवळात यादी करायला बसलेल्या मंडळींचे चेहरे पाहावेत. दिवसाचे रकाने बोलता बोलता भरतात. रात्री दहा ते बारा, बारा ते दोन आणि दोन ते चार हे तीन रकाने आले की कोणी चुन्याची डबी शोधू लागतं, कोणाला गोठ्यातलं वासरू आठवतं.

गावाचं काय चाललंय हे मला या तीन रकान्यांतून जेवढं कळतं तेवढं ग्रामपंचायतीच्या दप्तरातूनही कळत नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण फाट्यावर एसटीची वाट पाहणारी माणसं अजून ‘नगरला’च निघालेली असतात. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांमधलं बरंचसं पाणी सरलेलं असतं. खरिपाला बाजरी आणि मूग, रब्बीला ज्वारी, विहिरीने साथ दिली तर कांदा. 1972च्या दुष्काळात इथल्या बाया-माणसांनी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. गावचा पाझर तलाव त्याच दुष्काळी कामावरचा. माणसं मुंबईला जात होती ती त्याच्याही आधीपासून. कोणी गिरणीत लागलं, कोणी बाजारात माथाडी झालं. आताची पोरं सुप्याच्या, रांजणगावच्या, चाकणच्या एमआयडीसीत आहेत. तीन पाळ्यांत काम करणारी ही पोरं कंपनीत रात्रपाळीला बिनतक्रार उभी राहतात. गावच्या रात्रपाळीला मात्र माणूस मिळत नाही.

आमचा सप्ताह उठतो हनुमान जयंतीला. त्याआधीचे सात दिवस गावाचं घड्याळ देवळाच्या हाती. पहाटे चारला काकडा. उजाडल्यावर विष्णुसहस्रनाम, मग अकरापर्यंत ज्ञानेश्वरीचं पारायण. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवसांत वाटून घेतलेल्या. व्यासपीठावरचा चालक ओवी धरतो आणि मांडवातल्या शंभरेक पोथ्या एका सुरात पुढे सरकतात. ज्यांचं शिक्षण चौथीत सुटलं अशा आजीबाईही बोटाने ओळ धरून वाचतात, आणि पान उलटायला कधी चुकत नाहीत. दुपारी गाथाभजन, चारला प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तन उठलं की जागर. आणि या सगळ्याच्या पाठीमागे, कोपऱ्यात, ज्याच्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाही असा एक माणूस वीणा घेऊन उभा. त्याने बसायचं नाही, टेकायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. मुखी ‘रामकृष्णहरी’, तर्जनी तारेवर. कीर्तनकाराला गर्दी मिळते, पारायणाला मान मिळतो. विणेकऱ्याला फक्त त्याच्या पाठीमागून येणारा पुढचा विणेकरी मिळतो.

अशा सप्ताहांचं आमच्या जिल्ह्याला जुनं वेड आहे. श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या सीमेवर गोदावरीत सराला बेट आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाची परंपरा पावणेदोनशे वर्षांची सांगतात. दर वर्षी तो वेगळ्या गावी भरतो. आसपासच्या गावांतून भाकरी गाड्या भरभरून येते आणि आमटी टँकरमधून वाढायला नेतात. पाथर्डीकडे भगवानगडाच्या भगवानबाबांचा नारळी सप्ताह. तिकडे आळंदीत विष्णुबुवा जोगांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तनकार शिकून बाहेर पडू लागले. शिकलेला कीर्तनकार, मृदंग वाजवणारा आणि चाल लावणारा मिळू लागला तसे सप्ताह लहान लहान वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचले. आमचा त्या मोठ्या सप्ताहांच्या मानाने अगदीच किरकोळ. आमची आमटी टँकरमध्ये नव्हे, दोन कढयांत मावते.

ज्या ग्रंथाचं पारायण चालतं तो सांगितला गेला याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 म्हणजे 1290 साली. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असं परंपरा मानते तो पैस खांब तिथे आहे. लोक त्याला मिठी मारतात, डोकं टेकवतात आणि बाहेर येतात. खांबावर कोरलेला लेख सहसा कोणी वाचत बसत नाही. तो आहे देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दरमहा द्यायच्या दानाचा. मला या लेखाची फार गंमत वाटते. मराठीतल्या सर्वांत थोर ग्रंथाची आठवण ज्या दगडाला चिकटली, त्या दगडावर लिहिलंय काय, तर तेलाचा खर्च! देवळात दिवा अखंड तेवावा असं वाटणारी माणसं पुष्कळ असतील. पण पुढच्या महिन्याचं तेल कोण आणणार हे कोणीतरी दगडावर कोरून ठेवलं म्हणून तो तेवला. अखंड या गोष्टीच्या मुळाशी नेहमी अशी एक रुक्ष नोंद सापडते. नेवाशाला ती खांबावर आहे, आमच्याकडे तात्यांच्या वहीत.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, आणि नात्याने नसले तरी गावातल्या सगळ्यांचेच तात्या. लाल बांधणीची लांबडी वही, तिच्यात आडव्या-उभ्या रेघा मारून काढलेलं पहाऱ्यांचं कोष्टक. जुनी पानं चाळली की गाव कसं पातळ होत गेलं ते दिसतं. आधीच्या पानांवर एका पहाऱ्याला पाच-पाच, सहा-सहा टाळकरी. काही नावांपुढे ‘मुंबई’ लिहिलेलं, म्हणजे ही माणसं रजा काढून येणार. पुढे पुढे ‘मुंबई’ असलेली नावं पंगतीच्या यादीत सरकतात: अमुक दिवसाचं अन्नदान मुंबईकर मंडळींकडून. माणूस पहाऱ्यातून उठून देणगीदारांत जाऊन बसला की तो गावातून गेला असं समजावं. नंतरच्या पानांवर तर देणगीदारांना वहीसुद्धा पुरत नाही. त्यांचे फोटो वेशीतल्या फ्लेक्सवर असतात आणि खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. पैशाची चणचण आता सप्ताहाला नाही. पूर्वी वर्गणी मागायला घरोघर फिरावं लागे, आता मोबाईल वाजतो आणि रक्कम जमा होते. दोन तास उभं राहणं तेवढं मोबाईलवरून पाठवता येत नाही.

तसा आमचा शेतकरी पाळीत वाढलेला आहे. एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलवाल्याशी वारंगुळा करी. सावडीने पेरण्या होत. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एखाद्याचं काम अडलं की तो गावाला हाक घालून इर्जिक करी. सगळ्यांनी राबायचं आणि त्याने जेवू घालायचं. ट्रॅक्टर आला आणि हे सारं एका हंगामात नव्हे, पण दहा-पंधरा हंगामांत विरलं. त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. ज्याने बैलामागे पाय घासले आहेत तो ट्रॅक्टरला नावं ठेवणार नाही. पण पाळी संपली असंही नाही. कुकडीच्या पाण्याचं आवर्तन सुटतं ते पाळीनेच. शेतीची वीज येते तीही पाळीने, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बिबट्याची भीती पोटात घेऊन माणसं बॅटरीच्या उजेडात दारं धरतात. फरक एवढाच की या पाळ्या दुसऱ्या कोणीतरी लावून दिलेल्या असतात. कागद वरून येतो. पहाऱ्याची यादी गाव आपली आपण करतं, आणि नाही केली तर विचारणारं कोणी नाही.

आमच्या तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची गोष्ट आता जगाला ठाऊक आहे. पण तिची सुरुवात बंधाऱ्यांपासून झाली नाही. सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारेंनी 1975च्या सुमारास आपल्या पदरचे पैसे घालून आधी यादवबाबांचं मोडकळीला आलेलं देऊळ नीट केलं. माणसं जमायला जागा झाली, मग श्रमदानाची कुदळ. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने 1989 साली पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळली आणि पुढे पावसाच्या पाण्याचा दर वर्षी ताळेबंद मांडायला घेतला. पाऊस कमी झाला की कोणती पिकं घ्यायची नाहीत हे तिथे ग्रामसभा ठरवते. लोक बंधारे पाहायला जातात. मला तो ताळेबंद मोठा वाटतो. सगळ्यांचं मिळून किती आहे आणि कोणाच्या वाट्याला काय, हे चारचौघांत मांडून त्यावर टिकून राहायचं. आमचं गाव आदर्श वगैरे नाही. आमच्याकडे बंधाऱ्यात पाणी कमी आणि गाळ जास्त. पण वर्षातून सात दिवस आम्हीही असा एक ताळेबंद मांडतो, पाण्याऐवजी जागरणाचा.

गेली काही वर्षं मी आयर्लंडातल्या लहान गावांबद्दल मिळेल ते वाचतो आहे. त्या वाचनात आमची वही मला पुन्हा पुन्हा भेटते. 1845 ते 1852च्या दुष्काळात, बटाट्यावर रोग पडून, तिथे सुमारे 10 लाख माणसं गेली आणि त्याहून जास्त बोटीत बसून परदेशी निघून गेली. 1841 साली 80 लाखांच्या वर असलेली त्या बेटाची लोकसंख्या अजूनही पुन्हा तेवढी झालेली नाही. शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांची कापणी करायची पद्धत तिथेही होती आणि यंत्रांनी तिथेही ती मोडली. मग गाव कशावर टिकलं? बऱ्याच अंशी खेळावर. 1884 साली थर्ल्स या गावी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिचे क्लब उभे राहिले ते एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर. हर्लिंग किंवा गेलिक फुटबॉल, 15 जणांचा संघ, पगार कोणाला नाही. ज्या मातीत जन्मलात तिथल्या संघाकडून खेळायचं. आता त्यातल्या कित्येक गावांना 15 पोरं जमत नाहीत. पोरं डब्लिनला, लंडनला, सिडनीला. मग ज्या शेजारच्या गावाशी आजोबांपासून हाडवैर, त्याच गावाशी हातमिळवणी करून एक संघ उतरवायचा. तिकडच्या एखाद्या क्लबात मोसमाच्या सुरुवातीला संघ मांडायला बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे मला न पाहता दिसतात. त्यांचं अडतं 15वर, आमचं 36वर.

सप्ताहात अडत नाही ते भाकरीचं. सकाळी भोंग्यावरून पुकारा होतो, ‘घरटी पाच भाकरी, अकराच्या आत’, आणि अकराच्या आत ट्रॅक्टरची ट्रॉली धडधडत गल्लीतून निघते. कोणी पाच सांगितल्या तर सात देतं. मांडवामागे धुतलेल्या धोतरावर भाकरींच्या चळती लागतात. तिथे बसलेल्या बायकांना भाकरी पाहून घर कळतं. ही जाड कडेची अमक्याच्या म्हातारीची. ही पापुद्रा सुटलेली, पातळ, नव्या सुनेची. ही चुलीवरची, ही गॅसवरची. ज्वारी यंदाची की गेल्या सालची हेही त्या वासावरून सांगतात. पण एकदा चळत मोडून भाकरी बुट्टीत गेली की घर पुसलं जातं. वाढपी पंगतीतून पळत पळत भाकरी टाकत जातो आणि कोणाच्या पत्रावळीवर कोणाची भाकरी पडली याचा पत्ता राहत नाही. ज्या घराशी बोलणं बंद, त्या घरची भाकरी आपण खाल्ली असेल आणि चवीने खाल्ली असेल. चुलवणावर दोन कढया रटरटत असतात, काळ्या मसाल्याची आमटी. बादलीतून वगराळ्याने ती भाकरीवर ओतली की कुस्करायला हात आपोआप पुढे होतो. चार घास गेल्यावर कपाळावर घाम. त्या पंगतीत कोणी चांगलं-वाईट म्हणत नाही. पुढे सरकलेलं वगराळं पाहून ‘टाक की’ म्हणतात, एवढंच.

मात्र भाकरीची चळत मोडली म्हणून भेद मोडले असं लिहिलं तर ते खोटं होईल. आमच्या वहीत सगळं गाव कधीच नव्हतं. तात्यांच्या लहानपणी महारवाड्यातली माणसं मांडवाच्या बाहेर बसून कीर्तन ऐकत. 1956नंतर त्यांनी आपली वाट धरली ती कायमची. सप्ताहाच्या आगेमागेच 14 एप्रिल येतो. वस्तीवर जयंतीची तयारी असते, त्यांची मिरवणूक, त्यांचं जेवण, त्यांचे स्वयंसेवक. त्यांनी आमच्या यादीत यावं असं म्हणण्याचा हक्क आम्ही केव्हाच गमावला आहे. त्यांच्या जयंतीच्या कामांच्या यादीत मात्र गावातल्या कोणाचं नाव मी अजून पाहिलेलं नाही. कढया तेवढ्या इकडून तिकडे जातात. मुसलमानांचं एक घर आहे. त्यातले चाचा मृदंगाला हात लावत नाहीत, पण हरिपाठाला टाळ घेऊन दुसऱ्या रांगेत असतात. ज्या जिल्ह्यात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, तिथे याचं कौतुक करायची गरज पडू नये. यादी भरली म्हणजे गाव भरलं, असं नाही. पण गाव किती भरलंय हे यादी कधी लपवत नाही, म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवतो.

दोन ते चार हा पहारा वर्षानुवर्षं तात्यांचा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी तो माझ्या नावावर चढवला. विचारलं नाही, चढवला. पुण्याहून रजा काढून मी जातो. दीड वाजता विहिरीवर जाऊन चार तांबे अंगावर ओतून घ्यायचे. चैत्र असला तरी आमच्या माळावर पहाटेचा गारठा असतो. रात्री दहानंतर भोंगा बंद ठेवावा लागतो, तो नियमच आहे, त्यामुळे देवळापासून वीस पावलं दूर गेलं तरी टाळ ऐकू येत नाहीत. देवळात विजेचा एकच दिवा, समईभोवती उडणारे किडे, सतरंजीवर दोन-तीन म्हातारे आडवे झालेले. उभा असतो तो बारा ते दोनचा विणेकरी.

तो माझा भाऊबंद. त्याचा आणि आमच्या घराचा बांधावरून वाद आहे, तालुक्याच्या कोर्टात. एरवी फाट्यावर समोर आला तर दोघंही रस्त्याच्या दुसऱ्या कडेकडे पाहतो. इथे तशी सोय नाही. त्याने उजव्या हाताने तार छेडत राहायचं आणि डाव्या हाताने वीणेचा पट्टा आपल्या डोक्यावरून काढायचा. मी मान खाली घालायची, त्याने तो माझ्या गळ्यात घालायचा. माझं बोट तारेवर पडलं की मगच त्याचं उचलायचं. या मधल्या क्षणाला वीणेवर चार हात असतात. मग दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. तो माझ्याहून मोठा आहे, पण वाकताना वय पाहायचं नसतं. पहिल्या रात्री हे कवायतीसारखं झालं. तिसऱ्या-चौथ्या रात्री तो म्हणाला, ‘‘खालची तार उतरलीय, जरा सांभाळून.’’ सप्ताहातलं आमचं बोलणं एवढंच. सप्ताह उठला आणि पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख पडली. आम्ही दोघंही गेलो.

दोन तास उभं राहिल्यावर काय वाटतं, असं लोक विचारतात. भक्तीची भरती वगैरे येते का? पहिल्या अर्ध्या तासात पोटऱ्या जाणवतात. मग झोप. मग झोपेचा राग. देवळाच्या दारातून पार दिसतो, त्यापलीकडे कांद्याच्या रानात कोणाची तरी बॅटरी हलते. रात्रीची लाईट आली म्हणून कोणी दारं धरतंय. गावात जागी अशी आम्ही तीन-चारच माणसं. तीनच्या पुढे मनात फक्त एक विचार उरतो: चारचा माणूस निघाला असेल का? त्याचा खोकला लांबून ऐकू आला की जो आनंद होतो तो मला पुण्यात कोणाच्याही येण्याने झालेला नाही. मी तात्यांना हे सांगितलं. वाटलं, ते म्हणतील, नामावर मन ठेवत जा. ते म्हणाले, ‘‘इना जड नस्तोच. वाट पाहणं जड असतं. ते जमलं का झालं.’’

या तात्यांनीच यंदाच्या बैठकीत रान उठवलं. रात्रीचे रकाने नेहमीप्रमाणे मोकळे. एकाने सुचवलं, आळंदीहून विद्यार्थी आणू. कुठे कुठे तसं करतात. पोरं शिकणारी असतात, दक्षिणा दिली की रात्रभर आळीपाळीने उभी राहतात. पैसा तर आहेच. दुसरा त्याच्याही पुढे गेला. पंढरपुरात, आळंदीत दुकानांतून एक डबी मिळते, प्लगमध्ये खोचली की ‘रामकृष्णहरी’ चालू, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. रात्रीची तीच लावावी, कोणाला कळतंय! हशा झाला, पण त्या हशात थोडी चाचपणीही होती. तात्या हसले नाहीत. ‘‘डबी दमती का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘मग तिला सोडवायला कोण जाणार?’’

त्या एका प्रश्नात सगळं आलं, असं मला वाटतं. डबीचं नाम आमच्यापेक्षा कितीतरी अखंड. पण जे तुटूच शकत नाही ते अखंड ठेवण्यात कोणाची गरज नाही. गावाची वीणा दर दोन तासांनी खाली पडू शकते, दिवसातून बारा वेळा, आणि बाराही वेळा कोणीतरी अंथरुणातून उठून आल्यामुळे ती पडत नाही. उठून येणाऱ्याची श्रद्धा किती हे कोणी मोजत नाही. मला स्वतःला ती छातीठोक सांगता येणार नाही. मी जातो कारण बाराचा माणूस दोन वाजता दाराकडे बघत असेल. जिथे मी वेळेवर पोचलो नाही तर कोणीतरी ताटकळत उभंच राहील, ती जागा माझं गाव. सात-बाऱ्यावर नाव असून तेवढं होत नाही, फ्लेक्सवर फोटो असून तर नाहीच.

विद्यार्थी नकोत, डबी नको, मग माणसं कुठून आणायची? दुपारचे पहारे गेली काही वर्षं बायकाच सांभाळतात. महिला भजनी मंडळ झाल्यापासून बारा ते चारची चिंता मिटली आहे. रात्रीचं नाव काढल्यावर मात्र कारणं निघाली. रिवाज नाही. बरं दिसत नाही. अपरात्री बाईमाणूस देवळात कसं येणार? बायका खांबाच्या पलीकडे बसल्या होत्या. त्यांच्यातून माझी एक भावजय उठली. नवरा सुप्याला कंपनीत, दोन एकर कांदा आणि तीन गाई ती एकटी पाहते. म्हणाली, ‘‘रातच्या लायटीला बिबट्यात दारं धरायला चालती. मग हितं इना धरायला काय झालं?’’

याला उत्तर नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांना ते मोठ्याने बोलता येण्यासारखं नव्हतं. तात्यांनी वही पुढे ओढली. दहा ते बाराच्या रकान्यात तिचं नाव चढलं, टाळाला तिच्या दोन जावा. बारा ते दोनला आमचे भाऊबंद आहेत, त्यांना एक टाळकरी मिळालाय, दुसरा मिळायचाय. हनुमान जयंती तोंडावर आली आहे. पुण्या-चाकणला असलेल्या आमच्या गावच्या मंडळींनी सात दिवसांच्या रजेचा अर्ज टाकायला अजून वेळ आहे. बांध माझ्या आणि त्याच्यातला आहे, त्याच्या शेजारी टाळ घेऊन उभं राहायला तुम्हाला कोणाची हरकत नाही.